भाऊसाहेबांचा शेतकरी आणि सातबाऱ्याबाहेरची शेतकरीण

वऱ्हाडातील शेतकऱ्याला सावकारी पाशातून सोडविण्यासाठी आणि त्याच्या मुलांना शाळेचा उंबरठा ओलांडून देण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख आयुष्यभर झटले. शासनाने कष्टकऱ्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे, हा विचार त्यांनी या भागात रुजविला. त्या कल्याणकारी राज्यात शेतकऱ्याची बायको मात्र कोठे उभी राहिली, या दृष्टीने त्यांच्या जीवनकार्याकडे टाकलेला हा दृष्टिक्षेप.

अमरावती, अकोला आणि आसपासच्या जिल्ह्यांत भाऊसाहेब या नावाला वेगळी ओळख द्यावी लागत नाही. शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे, दवाखाने, कृषी विद्यापीठ, इतकेच नव्हे तर शासनाच्या योजनाही त्यांच्या नावाने चालतात. दरवर्षी २७ डिसेंबरला त्यांच्या जयंतीचे कार्यक्रम होतात, प्रतिमेला हार घातले जातात आणि शिक्षणमहर्षी, कृषिमहर्षी या बिरुदांची उजळणी होते. मात्र मोठ्या माणसाचे खरे स्मरण त्याने अर्धवट सोडलेल्या, किंवा त्याच्या काळाने त्याला पूर्ण करू न दिलेल्या कामाच्या शोधातून होत असते. भाऊसाहेबांच्या बाबतीत हा शोध आपल्याला वऱ्हाडातील कपाशीच्या शेतात घेऊन जातो.

पापळ ते ऑक्सफर्ड

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. मूळ आडनाव कदम, पण घराण्याकडील वतनामुळे देशमुख हे नाव रूढ झाले. वडील शामराव आणि आई राधाबाई यांनी मुलाच्या बुद्धीची चुणूक ओळखली होती. अमरावतीतील शालेय शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि १९२० साली उच्च शिक्षणासाठी त्यांनी इंग्लंडची वाट धरली. त्यासाठी वडिलांना शेती गहाण टाकावी लागली. वऱ्हाडातील शेतकऱ्याला पैसा उभा करण्याचा तेवढाच एक मार्ग ठाऊक होता. जमीन कागदावर चढते आणि कागद सावकाराच्या तिजोरीत जातो, हा अनुभव भाऊसाहेबांनी स्वतःच्या घरातच घेतला होता. पुढील आयुष्यात शेतकऱ्याच्या कर्जाचा विषय त्यांनी कधीही दूर जाऊ दिला नाही, त्यामागे हा अनुभव असला पाहिजे.

एडिंबरो विद्यापीठात संस्कृतचे उच्च अध्ययन, ऑक्सफर्डमध्ये वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध, त्याच्या जोडीला बॅरिस्टरची पदवी, असा भरगच्च अभ्यास करून ते १९२६ साली परतले. ते इंग्लंडमध्ये होते ती वर्षे त्या देशातही बदलाची होती. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी देण्यास १९२० मध्येच सुरुवात केली होती. तीस वर्षांवरील स्त्रियांपैकी बहुतेकींना मताधिकार मिळून दोनच वर्षे झाली होती. १९२५ साली ब्रिटिश संसदेने विधवा, अनाथ व वृद्ध यांच्यासाठी निवृत्तिवेतनाचा कायदा केला. गरिबाला दान देण्याऐवजी हक्क म्हणून आधार देणारे राज्य त्या देशात आकार घेत होते. परंतु त्या कायद्याचाही एक पेच होता. विधवेला वेतन मिळे ते तिच्या दिवंगत पतीने भरलेल्या वर्गणीच्या बळावर. राज्याच्या लेखी स्त्री ही प्रथम कोणाची तरी पत्नी होती. हा पेच पुढे अनेक देशांच्या कल्याणकारी राज्यांत पुन्हा पुन्हा दिसला आणि वऱ्हाडही त्याला अपवाद ठरले नाही.

सामाजिक लढ्यातील उडी

परतलेल्या बॅरिस्टरने वकिलीत जम बसविण्याऐवजी समाजकार्याला वाहून घेतले. अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे, हा त्या काळात धाडसाचा प्रयोग होता. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी चळवळ उभी राहिली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीला आले. पंजाबराव या लढ्यात अग्रभागी होते. त्याच वर्षी त्यांनी शेतकरी संघाची उभारणी केली आणि 'महाराष्ट्र केसरी' या पत्राद्वारे बहुजन समाजाच्या प्रश्नांना वाचा फोडली.

याच वर्षी त्यांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. वतनदार घराण्यातील तरुणाने जातीबाहेर लग्न करणे ही १९२७ सालच्या वऱ्हाडात खळबळजनक गोष्ट होती. जातीची उतरंड मुख्यतः स्त्रीच्या विवाहावर पहारा ठेवून टिकविली जाते. त्यामुळे अशा विवाहाला व्यक्तिगत निवडीपलीकडचे मोल असते. विमलाबाईंनीही सार्वजनिक जीवनात स्वतःचे स्थान निर्माण केले आणि पतीच्या निधनानंतर त्या संसदेतही गेल्या. अमरावतीत त्यांच्या नावाचे महाविद्यालय उभे आहे.

मोफत शाळा आणि कर्जाचा लवाद

१९२८ साली पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. हाती सत्ता येताच त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याकडे लक्ष दिले आणि त्यासाठी कर वाढविण्याचा अप्रिय निर्णयही घेतला. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. शिक्षण सक्तीचे करण्यातील सामाजिक आशय आज सहज लक्षात येत नाही. जेव्हा शाळा ऐच्छिक असते आणि पैसा अपुरा असतो, तेव्हा घरातील मोठा मुलगा शाळेत जातो आणि मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी राहते. सक्ती आली की किमान कायद्यापुढे तरी मुलगा आणि मुलगी समान होतात. विहिरीचेही तसेच आहे. पाणी भरण्याचे काम स्त्रीचे असल्याने बंद विहिरीचा फटका दलित स्त्रीलाच सर्वांत अधिक बसत असे. शासनाच्या निर्णयात स्त्रीचा उल्लेख नसला तरी त्याचा परिणाम स्त्रीच्या दिवसावर होतो, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

१९३० साली ते मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून आले आणि शिक्षण, कृषी, सहकार या खात्यांचे मंत्री झाले. जागतिक मंदीने कापसाचे भाव कोसळलेले ते दिवस. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडाने कापसाचे सुगीचे दिवस पाहिले होते. पण त्याच पिकाने शेतकऱ्याला बाजाराशी आणि बाजाराबरोबर सावकाराशी जखडून टाकले होते. भाव पडला की व्याज थकायचे आणि व्याज थकले की शेत जायचे. या पार्श्वभूमीवर १९३३ साली मध्य प्रांतात कर्ज लवाद कायदा आला. धनको आणि ऋणको यांना लवाद मंडळापुढे बसवून कर्जाची रक्कम तडजोडीने कमी करणे आणि हप्ते बांधून देणे, ही त्याची रीत. शेतकऱ्याच्या घरातील चूल आणि सावकाराची वही यांच्यामध्ये शासनाने उभे राहण्याचा हा प्रारंभीचा प्रयत्न होता आणि त्याचे श्रेय वऱ्हाड आजही भाऊसाहेबांना देतो.

मंदिरांच्या संपत्तीचा विनियोग लोकशिक्षणासाठी व्हावा म्हणून त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले. सनातन्यांच्या विरोधामुळे ते तडीस गेले नाही. पण कल्याणाच्या कामाला पैसा कोठून आणावा, या प्रश्नाला त्यांनी शोधलेले ते उत्तर होते. १९३२ साली त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे तिचा विस्तार साऱ्या विदर्भात झाला. खेड्यात शाळा उघडल्याने मुलांपेक्षाही मुलींचा प्रश्न सुटला, कारण मुलाला शहरात ठेवण्याची ज्या घराची तयारी असे त्या घराची मुलीला पाठविण्याची नसे. गावातील शाळा हीच मुलीची शाळा असे. संत गाडगेबाबा याच जिल्ह्याचे. त्यांनी कीर्तनांतून पेरलेली शिक्षणाची ओढ आणि भाऊसाहेबांनी उभारलेल्या इमारती यांचा मेळ बसला म्हणूनच वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या दोन पिढ्या शिकल्या.

शेतकरी कोणाला म्हणावे?

येथवरच्या कार्याची बाजू उजळ आहे. अडचण सुरू होते ती शेतकरी या शब्दापाशी. वऱ्हाडात ब्रिटिशांनी रयतवारी पद्धत लावली. शासनाचा थेट संबंध खातेदाराशी आला आणि खातेदार म्हणजे घरातील कर्ता पुरुष, हे गृहीत धरले गेले. कर्ज त्याच्या नावे, म्हणून लवाद त्याच्यासाठी. सहकारी सोसायटीचा सभासद तोच, म्हणून पीककर्जही त्यालाच. प्रत्यक्ष शेतात मात्र चित्र वेगळे होते आणि आहे. तिफण हाकणारा पुरुष असतो, पण तिफणीमागे सरते धरून तुरीचे बी सोडणारी बाई असते. डवरणी पुरुषाची, निंदण बाईचे. कपाशीची वेचणी तर बहुतांशी बायकांच्याच हातची. ओट्यात कापूस घेऊन दिवसभर वाकून काम करणाऱ्या या बाईला जनगणनेत, बँकेत आणि तलाठ्याच्या दप्तरात शेतकरी हा शब्द क्वचितच लागला.

मालमत्तेचा कायदाही तिच्या बाजूचा नव्हता. १९३७ साली हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित हक्क देणारा कायदा केंद्रीय विधिमंडळाने केला. तो देशमुख कायदा म्हणूनही ओळखला जातो, मात्र ते देशमुख म्हणजे मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख. आडनावाच्या साम्यामुळे दोघांची गल्लत होऊ नये. शेतजमीन हा प्रांतांचा विषय असल्याने प्रांतांतील शेतजमिनीला हा केंद्रीय कायदा लागू होत नाही, असा निर्वाळा १९४१ साली फेडरल कोर्टाने दिला. म्हणजे ज्या मालमत्तेवर खेड्यातील स्त्रीचे सारे आयुष्य अवलंबून, तीच या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली आणि प्रांताप्रांतांना स्वतंत्र कायदे करावे लागले.

मजूर स्त्रीला मिळालेल्या संरक्षणाचीही अशीच गत होती. मुंबई प्रांताने १९२९ साली आणि मध्य प्रांताने १९३० साली प्रसूतिलाभाचे कायदे केले. ते कारखान्यातील स्त्रियांपुरते होते. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली आलेल्या केंद्रीय कायद्यानेही कारखाने, खाणी, मळे यांच्यापासूनच सुरुवात केली. कापूस जिनिंगच्या कारखान्यात पोहोचला की त्याला हात लावणारी स्त्री कायद्याला कामगार म्हणून दिसू लागे. तोच कापूस शेतात वेचणारी स्त्री मात्र दिसत नसे.

दिल्लीतील दहा वर्षे

घटना समितीचे सदस्य म्हणून भाऊसाहेबांनी शेतकरी व मागासवर्गीयांची बाजू हिरिरीने मांडली. १९५२, १९५७ आणि १९६२ या तिन्ही निवडणुकांत अमरावतीने त्यांना लोकसभेत पाठविले. १९५२ ते १९६२ या दशकात केंद्र सरकारमध्ये कृषी खात्याचे काम त्यांनी पाहिले. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रसार, १९५५ साली भारत कृषक समाजाची स्थापना, दिल्लीत १९५९-६० मध्ये भरलेले भव्य जागतिक कृषी प्रदर्शन, ही या काळातील ठळक कामे. दिल्लीत त्यांनी १९६१ साली स्थापन केलेले शिवाजी महाविद्यालय आजही दिल्ली विद्यापीठात नावाजलेले आहे.

याच दशकात स्वतंत्र भारताचे कल्याणकारी राज्य खेड्यात उतरले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली. गावोगाव ग्रामसेवक आले, काही ठिकाणी ग्रामसेविकाही आल्या. ग्रामसेवक पुरुषांना सुधारित बियाणे, खते, अवजारे यांची माहिती देई. ग्रामसेविका महिला मंडळ भरवून शिवणकाम, बालसंगोपन, निर्धूर चूल शिकवी. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि स्त्रियांचा विषय प्रामुख्याने त्याच्या वाट्याला गेला. शेती हे उत्पादनाचे खाते आणि स्त्री हे कल्याणाचे खाते, अशी नकळत वाटणी झाली. कामे सर्वच उपयुक्त होती. बालसंगोपनाची गरज नव्हती असे कोण म्हणेल? पण बियाण्याची निवड, साठवण आणि निगा ज्या बाईने परंपरेने सांभाळली, तिलाच नव्या बियाण्याच्या वर्गात बोलावले गेले नाही.

हा दोष एका खात्याचा किंवा एका मंत्र्याचा नव्हता. ब्रिटनमधील कल्याणकारी राज्याचा पाया मानला जाणारा बेव्हरिज अहवाल १९४२ साली प्रसिद्ध झाला, त्यातही विवाहित स्त्री ही पतीच्या विम्यावर अवलंबून असलेली गृहिणी अशीच कल्पिली होती. मुलांसाठीचा कुटुंबभत्ता आईच्या हाती द्यावा की बापाच्या, यावर तेथे मोठा वाद झाला. एलिनॉर रॅथबोन या संसद सदस्याच्या दीर्घ झगड्यानंतर १९४५ च्या कायद्यात तो आईला देण्याचे ठरले. स्वीडनने १९७१ साली पती आणि पत्नीच्या मिळकतीवर स्वतंत्र आयकर लावून स्त्रीला स्वतंत्र व्यक्ती मानण्याच्या दिशेने मोठे पाऊल टाकले. राज्य मदत किती देते याइतकेच ती कोणाच्या नावाने देते हेही महत्त्वाचे असते, हा या सर्व देशांचा अनुभव आहे. मदत कुटुंबप्रमुखाला मिळाली की कुटुंब सावरते, पण कुटुंबातील पायऱ्या तशाच राहतात. कधी कधी त्या अधिक पक्क्याही होतात.

हिंदू वारसा कायदा १९५६ साली झाला. त्यासाठी डॉ. आंबेडकरांनी आधी किती किंमत मोजली होती, हे सर्वज्ञात आहे. मात्र या कायद्यातही शेतजमिनीच्या कुळवहिवाटीचे व कमाल धारणेचे कायदे बाजूला ठेवण्यात आले होते आणि वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलगी जन्माने सहहिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने १९९४ साली तिला तो हक्क दिला, तोही तोवर अविवाहित असलेल्या मुलींपुरता. केंद्राने २००५ साली कायदा बदलला आणि शेतजमिनीचा अपवादही काढून टाकला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क अबाधित राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट करेपर्यंत २०२० साल उजाडले. भाऊसाहेब संसदेत बसत होते त्या दिवसांपासून तेथवर पोहोचण्यास जवळपास पासष्ट वर्षे लागली.

नावाचा वारसा

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत भाऊसाहेबांचे निधन झाले. त्यानंतर कृषी विद्यापीठ अकोल्यात व्हावे यासाठी वऱ्हाडाने आंदोलन केले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी तेथे पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाने विकसित केलेली मिनी दालमिल अनेक गावांत पोहोचली, बचत गटांतील स्त्रियांनीही ती चालविली. कृषी महाविद्यालयांच्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने दिसू लागल्या. ज्यांच्या आज्या आयुष्यभर निंदण करीत राहिल्या, त्या घरांतील नाती मृदाशास्त्रावर प्रबंध लिहू लागल्या. भाऊसाहेबांच्या कामाचे हे सर्वांत सुंदर फळ आहे आणि ते शिक्षणाच्या बाजूने आले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शाळेने मुलीला तिच्या स्वतःच्या नावाने ओळखले. तिचे नाव हजेरीपटावर लागले, गुणपत्रिकेवर आले. जमिनीच्या दप्तरात मात्र ती पाहुणीच राहिली.

महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेने हाच धडा वेगळ्या रीतीने दिला. १९७२ च्या दुष्काळात तिचा विस्तार झाला, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. येथे काम मागण्यासाठी सातबारा लागत नव्हता. हात पुढे करणाऱ्या प्रत्येक प्रौढाला काम मिळायचे, स्त्री-पुरुषांना मजुरीचा दर एकच असायचा आणि लहान मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. अंमलबजावणीत त्रुटी कितीही असोत, या कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या. दाराशी ठेवलेली अट बदलली की दारातून आत येणारी माणसे बदलतात, हे या योजनेने दाखविले.

शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने ऐंशीच्या दशकात नेमका सातबाऱ्यालाच हात घातला. नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे १९८६ साली शेतकरी स्त्रियांचे विराट अधिवेशन झाले. पुढे शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. पुरुषांनी आपणहून जमिनीचा काही हिस्सा पत्नीच्या नावे करावा, हा तो कार्यक्रम. शासनानेही १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजना आणून पतीच्या अर्जावर पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. मात्र अर्ज पतीनेच करायचा असल्याने हक्काऐवजी त्याला औदार्याचेच रूप राहिले.

त्याची किंमत वऱ्हाडाने पुढे मोजली. शेतकरी आत्महत्यांच्या सत्राने अमरावती विभाग हादरला. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी या भागाला भेट देऊन अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान देण्यासाठी जमीन, कर्ज आणि वसुलीचा तगादा अशा कसोट्या ठरल्या. मागे राहिलेल्या पत्नीची वाट तेथून सुरू होत होती. जमीन बहुधा सासऱ्याच्या नावे, कर्ज पतीच्या नावे आणि शेती करायची तिने. सातबाऱ्यावर नाव नसले की पीककर्ज नाही, पीकविमा नाही, नुकसानभरपाई नाही. पतीच्या हयातीत ती शेतकऱ्याची बायको होती, त्याच्या मृत्यूनंतर ती शेतकऱ्याची विधवा झाली. शेतकरी मात्र ती दोन्ही वेळा नव्हती.

राष्ट्रीय शेतकरी धोरणाने २००७ साली शेतकरी या शब्दाची व्याख्या व्यापक केली आणि तीत स्त्रिया, कूळ, शेतमजूर यांचाही समावेश केला. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांनी २०१२ साली राज्यसभेत स्त्री शेतकऱ्यांच्या हक्कांचे खासगी विधेयक मांडले, पण ते व्यपगत झाले. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होते. शेतीतील स्त्रियांचे कष्ट पाहिले की ही संख्या किती तोकडी आहे, हे निराळे सांगावयास नको.

अपूर्ण राहिलेला हिशेब

आज भाऊसाहेबांच्या नावाने राज्यात दोन महत्त्वाच्या योजना ओळखल्या जातात. एक, डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला ती व्याजात सवलत देते. दुसरी, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांना ती शहरात राहून शिकण्यासाठी आधार देते. या दोन योजना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे त्यांच्या जीवनकार्याचे दोन्ही पदर एकाच वेळी दिसतात. पहिल्या योजनेचे दार सातबाऱ्यातून उघडते, म्हणून तेथे बहुतांशी पुरुष पोहोचतो. दुसरीत मुलगा आणि मुलगी दोघांनाही वाट आहे.

अलीकडच्या योजनांतही हीच वाटणी दिसते. २०१९ साली सुरू झालेली केंद्राची किसान सन्मान निधी योजना आणि २०२३ मधील राज्याची नमो शेतकरी योजना यांनी भूधारक शेतकरी कुटुंबाला वर्षाला प्रत्येकी सहा हजार रुपये देऊ केले. कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले, आणि लाभ एकच. २०२४ साली आलेल्या लाडकी बहीण योजनेने स्त्रीच्या स्वतःच्या बँक खात्यात महिन्याला दीड हजार रुपये जमा करण्यास सुरुवात केली. घरातील अनेक स्त्रियांसाठी स्वतःच्या नावावर आलेला तो पहिलाच नियमित पैसा होता आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र जिच्या नावे शेती असल्याने आधीच्या दोन्ही योजनांचे महिन्याला हजार रुपये येतात, तिला येथे फरकाचे पाचशेच देण्याचे ठरले. राज्य पुरुषाला शेतकरी म्हणून पैसे देते आणि स्त्रीला बहीण म्हणून. स्त्री शेतकरी निघाली की हिशेबाची वजाबाकी सुरू होते. नात्याने दिलेली ओवाळणी आणि कष्टाने मिळविलेला हक्क यांत फरक आहे, आणि तो रकमेपुरता नाही.

भाऊसाहेबांनी त्यांच्या काळात कर्जाच्या कागदाला, मंदिराच्या दाराला आणि शाळेच्या उंबरठ्याला हात घातला. तिन्ही ठिकाणी रूढ व्यवस्थेने आखलेली रेघ त्यांनी मोडली. जमिनीच्या दप्तरातील रेघ त्यांच्या पिढीने मोडली नाही, कारण घरातील एकाला दिले की सर्वांना मिळते, असा त्या पिढीचा विश्वास होता. वऱ्हाडाच्या अनुभवाने तो विश्वास खोटा ठरविला आहे. कायदे आता बऱ्याच अंशी स्त्रीच्या बाजूने आहेत. २०१९ साली राज्य शासनाने आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील स्त्रियांच्या जमीन व वारसाहक्काविषयी सूचनाही दिल्या. उरले आहे ते तलाठी कार्यालयातील फेरफार नोंदवहीतील काम. वारसनोंद करताना मुलीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत, सुनेचे नाव मागे ठेवण्याची रीत, सोसायटीच्या सभासद यादीत स्त्री नसण्याची रीत, या सर्व गावाच्या रीती आहेत आणि गावानेच त्या बदलावयाच्या आहेत.

येत्या २७ डिसेंबरला गावोगावच्या शाळांत भाऊसाहेबांच्या प्रतिमेचे पूजन होईल. त्या दिवशी प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातील किती सातबाऱ्यांवर स्त्रीचे नाव आहे, एवढी एक गोष्ट मोजून फळ्यावर लिहावी. पुढच्या जयंतीला तो आकडा वाढलेला असला, तर पापळच्या त्या शेतकऱ्याच्या मुलाला याहून मोठी आदरांजली दुसरी असणार नाही.